‘आडवं व्हा’ असं मी छापलं होतं

मला झोपलेल्या माणसाची भीती वाटते. हसू नका. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर दुपारी बाकड्यावर कुणी उताणं पसरलेलं दिसलं, की माझे पाय थांबतात. छाती वरखाली होतेय एवढं बघितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. मागच्या महिन्यात एका काकांनी डोळे उघडून विचारलं, “काय गं, खिसा चाचपतेस काय?” मी म्हटलं, “नाही काका, श्वास बघत होते.” ते ताडकन उठले, पिशवी उचलली आणि दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसले. तिथून माझ्यावर नजर ठेवून होते.

ही भीती कुठून आली ते सांगायला संपादकांनी पानं दिलीत. ‘कामातले अनुभव लिहा’ म्हणाले. मी सरळ सांगितलं, मला पत्रकं लिहिता येतात, आठवणी लिहिता येत नाहीत. सात वर्षं मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहितेय. एक कागद, दोन बाजू, वर जाड टायपात मागणी, खाली नाव. त्यात ‘माझं चुकलं’ लिहायला जागाच नसते. म्हणून इथं लिहिते.

आमचं काम पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबांत. पाऊसकाळ सरला की टोळ्या ट्रॅक्टरवर संसार लादून कारखान्यांकडं निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. उन्हाळ्यात आम्ही गावात तपासणी करतो, हिवाळ्यात त्यांच्या तळावर जातो. तपासणीचं म्हणजे खरं काम मार्था सिस्टर करतात. श्रीरामपूरच्या. पस्तीस वर्षं नर्स होत्या, निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून आमच्यात आल्या. मी नोंदवही धरते, माणसं गोळा करते, सरपंचाशी भांडते.

हृदयाचा विषय आमच्या मागण्यांत नव्हताच. तो सिस्टरांच्या कानानं आणला. पहिल्याच उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, “पोरी, या पोरांच्या छातीत आवाज आहेत गं. नको ते आवाज.”

तो रोग, सांधेताप, असा आहे. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो. घशाला कोण विचारतं? दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आज गुडघा, उद्या कोपर. मग तेही आपोआप बरं होतं, आणि सगळे विसरतात. पण तो ताप जाताना हृदयातली दारं खरवडून जातो. वर्षानुवर्षं ती दारं जाड होत राहतात, आवळत राहतात. हा दाटीवाटीचा रोग आहे. उसाच्या पाचटाच्या एका कोपीत सहा जणांनी निजायचं, एकाचा खोकला सहांनी घ्यायचा. ऐसपैस घरात राहणाऱ्यांना हा सहसा होत नाही. का होत नाही हे मी पत्रकांत इतक्यांदा लिहिलंय की छापखान्याच्या मालकालाही पाठ झालंय.

उपाय सोपा, पण दुखरा. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई, वर्षानुवर्षं. घट्ट औषध, जाड सुई. ती टोचून घेतल्यावर माणूस अर्धा दिवस लंगडतो. एकदा एका मुलीचा बाप भांडायलाच आला. “दुखनं छातीत आन् सुई ढुंगनात? आमाला येडं समजता व्हय?” सिस्टर औषध भरता भरता शांतपणे म्हणाल्या, “बरं, छातीत देते. काढ शर्ट. आधी तुला देऊन बघू.” तो दोन पावलं मागं सरकला. “न्हाई न्हाई... द्या तिकडंच. पोरीलाच द्या.”

आता हृदयाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय माझी चूक कळणार नाही. मला ते पुस्तकातून कळलं नाही. माझे वडील मुळा कालव्यावर पाटकरी होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर दारं फिरवायला जायची. सिस्टरांनी पहिल्यांदा हृदय समजावलं तेव्हा मी म्हटलं, अहो, हा तर आमचा पाटच आहे.

हृदयाला चार खोल्या. दोन वर, दोन खाली, आणि मध्ये उभी भिंत. अंगभर फिरून आलेलं काळपट रक्त उजवीकडच्या वरच्या खोलीत येतं. दार उघडतं, रक्त खालच्या खोलीत उतरतं. दार लागतं, खालची खोली आवळली जाते आणि रक्त फुप्फुसांकडं ढकललं जातं. तिथं ते हवा घेतं, लालभडक होतं आणि परत येतं, पण या वेळी डावीकडच्या वरच्या खोलीत. पुन्हा दार, पुन्हा खालची खोली. ही डावीकडची खालची खोली सगळ्यांत दणकट. तिच्या एका दाबाला रक्त टाळूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचतं. सगळी दारं एकाच बाजूला उघडतात. रक्तानं पुढंच जायचं, माघारी यायचं नाही.

सांधेतापाचा राग असतो तो बहुतेक वेळा डावीकडच्या वरच्या आणि खालच्या खोलीमधल्या दारावर. ते आवळतं. दार अर्धंमुर्धं उघडायला लागलं की काय होतं? वडील सांगायचे, “खाली बघू नको, मागं बघ. तुंबतं ते मागं तुंबतं.” डावीकडची वरची खोली तुंबते. तिच्या मागं काय आहे? फुप्फुसं. हवेच्या जागेत पाणी पाझरायला लागतं. नदी नाही, विहीर नाही, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडायला लागतो.

सविता आम्हाला मे महिन्यात सापडली. पाथर्डी तालुक्यातलं गाव, शाळेच्या खोलीत तपासणी. ती एकवीस वर्षांची, नववीपर्यंत शिकलेली, सडपातळ. सासूनं आणलं होतं तक्रार घेऊन, “टाकीपासनं घरापातूर हंडा आनायचा तर तीनदा बसती. आळशी हाय का आजारी, तेवडं सांगा.” सिस्टरनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, छातीवर नळी टेकवली आणि डोळे मिटले. मग नळी माझ्या कानात घातली. मला आधी नेहमीचे ठोके ऐकू आले आणि ठोक्यांच्या मध्ये, खूप लांबून, कच्च्या रस्त्यानं उसानं भरलेली बैलांची टायरगाडी जावी तशी घरघर.

“ऐकलंस? दार पुरतं उघडत नाही. अरुंद वाटेनं रक्त घासत चाललंय,” सिस्टर म्हणाल्या. मग तिला विचारलं, “झोपताना उशा किती घेतेस?”

मला वाटलं, हा काय प्रश्न झाला. पाहुणचार चाललाय का?

“उशी कुठली, सिस्टर? गोधड्या घेते डोक्याखाली,” सविता म्हणाली. “पयल्या दोन घ्यायची, आता तीन. आडवं झालं की दाटतं.”

मी नोंदवहीत लिहिलं, ‘आडवं झाल्यावर दाटतं. गोधड्या तीन.’ माझ्या अक्षरात, निळ्या पेनानं. ती वही अजून माझ्याकडं आहे.

नगरला नेऊन सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी केली. दार बरंच आवळलेलं होतं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत न्यायची, दारात छोटा फुगा फुगवायचा आणि दार मोकळं करायचं. छाती फाडायची गरज नाही. पण नंबर हिवाळ्याच्या शेवटी लागणार होता. तोवर गोळ्या, एकवीस दिवसांची सुई आणि जड काम बंद.

जड काम बंद म्हटल्यावर तिचा नवरा दत्तू माझ्याकडं बघतच राहिला. “ताई, कोयता जोडीचा अस्तोय. नवऱ्यानं तोडायचा, बायकूनं मोळी बांदायची, डोक्यावं न्यायची. येकटा गेलो तर मी अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोन घेतंय?”

माणूस अर्धा कोयता! बाई आजारी पडली की नवरा अर्धा होतो, बाई मात्र कधीच पुरी धरली जात नाही. मी त्यांच्या भानुदास मुकादमाला जाऊन भिडले. तो तंबाखू मळत म्हणाला, “ताई, फड मी लावत न्हाई, कारखाना लावतो. तुमी कारखान्याला पत्रक द्या. आमाला कशाला?” आधीच्या वर्षी मी एका पत्रकात त्याचं नाव घालून निषेध केला होता. ते तो विसरला नव्हता.

पाऊसकाळ सरला आणि सविता गेली. ट्रॅक्टरवर चढताना तिनं मला गोळ्यांची डबी उंच करून दाखवली.

त्याच संध्याकाळी मी ते पत्रक लिहिलं. इतकं चांगलं पत्रक मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. अजूनही शब्द न् शब्द आठवतो:

‘भगिनींनो, दम लागतोय? कोयता खाली ठेवा! आडवं व्हा! ही मेहेरबानी नाही, तुमचा हक्क आहे. जो उठवायला येईल त्याला हा कागद दाखवा!’

खाली माझं नाव, मोठ्या अक्षरात.

आरोग्याचं काहीही छापायचं तर आधी सिस्टरना दाखवायचं, हा आमचा नियम. त्या वेळी सिस्टर बहिणीकडं संगमनेरला होत्या. फोन करता आला असता. मी केला नाही. कारण सिस्टर शब्द कापतात. ‘लोकांना औषध सांग, भाषण नको,’ म्हणतात. मला भाषण हवं होतं. दम लागलेल्या बाईला आडवं होऊ द्या, यात तपासून घ्यायचं काय, असं मला वाटलं. मागं राहिलेल्या टोळ्या निघताना मी ट्रॉली-ट्रॉलीवर चढून ते वाटलं. पुढं गेलेल्यांना कार्यकर्त्यांनी तळावर नेऊन दिलं.

डिसेंबरातली दुपार. श्रीरामपूरकडच्या एका कारखान्याच्या हद्दीत सविताच्या टोळीचा तळ पडला होता. तिच्या सुईची तारीख होती. सिस्टर शेजारच्या तळावर होत्या, तिथून येणार होत्या. मी पुढं आले.

तळावर एरवी दुपारी शुकशुकाट असतो, सगळे फडात, ऊस तोडायला. त्या दिवशी बाभळीखाली पाच-सहा बायका गोळा झालेल्या. मध्ये गोधडीवर सविता उताणी. मला बघून तिची जाऊ पारुबाई उठली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता.

“आल्या का ताई! बगा, तुमी लिवलंय तसंच केलंय. दोन दिस ताप हुता हिला. आज फडात मोळी उचलली आन् दम लागला. तशी कोयता ठिवला, हितं आनली आन् आडवी केली. मुकादम आल्ता उठवायला. त्याला कागद दावला. गप माघारी गेला!”

“शाबास,” मी म्हणाले.

हो. मी ‘शाबास’ म्हणाले.

मग मी खाली बसले आणि सविताचा चेहरा पाहिला. ओठ जांभळट. कपाळावर घाम, डिसेंबरात. नाकपुड्या फुललेल्या, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. छातीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता, नळी न लावता ऐकू येईल इतका. ती कोपरं टेकून उठायला बघायची, आणि पारुबाई तिचे खांदे धरून तिला परत खाली दाबायची. “पड गं. पड म्हंते ना. कागदात लिवलंय.”

सविता माझ्याकडं बघत होती. बोलता येत नव्हतं, नुसती बघत होती. आणि मीसुद्धा, देवा, मीसुद्धा तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, “उठू नकोस. पडून राहा.”

मी सिस्टरना फोन लावला. म्हटलं, सविताला दम लागलाय, ओठ निळे पडलेत. पलीकडून पहिला प्रश्न आला, “कशी आहे? बसलीय का?”

“नाही, आडवी निजवलीय.”

सिस्टर माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. “उठव! अगं उठव तिला, बसव! पाय खाली सोड! बुडतीय ती, बुडतीय!”

त्या एका शब्दासरशी मला सगळा पाट दिसला. उभ्या-बसल्या माणसाच्या पायांत पुष्कळ रक्त थांबून असतं. आडवं झालं की ते सगळं एकदम छातीकडं येतं. उजवीकडच्या दोन खोल्या धडधाकट, त्या बिचाऱ्या आलेलं सगळं इमानानं फुप्फुसांत ढकलतात. पुढचं डावीकडचं दार मात्र आवळलेलं. वरून आवक वाढवली, दार तेवढंच. तुंबतं ते मागं तुंबतं. तीन गोधड्या! ती बाई उन्हाळ्यापासून स्वतःच स्वतःला वाचवत होती, गोधडीवर गोधडी चढवून. आणि मी कागद छापून तिच्या डोक्याखालच्या गोधड्या काढून घेतल्या होत्या.

“सोडा तिला!” मी ओरडले. पारुबाईचे हात मी अक्षरशः उपटले. शेजारी टायरगाडी सोडून ठेवलेली होती. आम्ही चौघींनी सविताला उचलून गाडीच्या कडेला बसवलं, पाय खाली लोंबते, पाठीमागं वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या, दोन मोळ्या रचल्या. ती पुढं वाकली, दोन्ही तळहात गाडीच्या फळीवर रोवले आणि श्वास ओढायला लागली. घोट घोट. जणू हवा घट्ट झाली होती.

“पर ताई, कागदात—” पारुबाई म्हणाली.

“कागद चुकलाय!”

“छापलेला कागद?” ती मला म्हणाली, आणि तिला ते खरंच पटेना.

अँब्युलन्सला फोन केला, यायला वेळ लागेल म्हणाले. गळिताचे दिवस, रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले. तेवढ्यात भानुदास मुकादम पिकअप घेऊन आला. फडातून दत्तूला घेऊनच आला होता. सविताला बसलेली बघून म्हणाला, “मी मगाशी तेच म्हनत हुतो, उठवा तिला. तर ह्या कागद घिऊन अंगावं आल्या.”

वाचकहो, त्याला तिचा जीव नको होता, त्याला मोळ्या हव्या होत्या. मी त्याला चांगली ओळखते. पण त्या दुपारी त्याचं ऐकलं असतं तर ती तासभर आधी उठून बसली असती. हे लिहिताना अजून माझे दात शिवशिवतात.

पिकअपमध्ये एक मोळी टाकली, तिच्यावर सविताला बसवलं. समोर दत्तू गुडघ्यावर. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून पुढं वाकलेली, मी मागून धरलेली. माझ्या छातीला तिची पाठ लागत होती आणि आतली घरघर मला माझ्या बरगड्यांत जाणवत होती. मी घड्याळ बघून श्वास मोजत होते. मोजता मोजता आकडा चुकायचा, कारण माझाच श्वास चढलेला.

रेल्वे फाटक बंद होतं. पुढं उसाच्या पाच-सहा ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना खड्डे. दत्तू तिच्या कानाशी पुटपुटत होता, “सवे, डोळं मिटू नको. माज्याकडं बग. माज्याकडं बग ना.” तिच्या ओठाच्या कोपऱ्यात फेस आला. गुलाबी. मी पदरानं पुसला, परत आला. मनात एकच चाललेलं: ही आता मेली, तर ती मी मारली. आणि तो कागद शेकडो कोप्यांत पोचलाय. आत्ता, या क्षणी, दुसऱ्या कुठल्या तळावर दुसरी कुणी पारुबाई दुसऱ्या कुणाचे खांदे दाबून धरतेय.

मुकादम खाली उतरला आणि ट्रॅक्टरवाल्यांना त्यानं ज्या शिव्या घातल्या, त्या इथं छापता येणार नाहीत. ट्रॉल्या कडेला दाबल्या गेल्या. फाटक उघडलं तेव्हा आम्ही सगळ्यांत पुढं होतो.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, शिरेतून लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. फुप्फुसात तुंबलेलं पाणी त्या वाटेनं काढायचं. तासाभरानं तिच्या ओठांचा रंग बदलला. डॉक्टर बाहेर आले. “बसवून आणलीत ते बरं केलंत. पण इतकं पाणी भरेपर्यंत काय करत होता?”

दत्तूनं शर्टाच्या खिशातून कागदाची घडी काढली. “कागदात लिवल्यापरमानं आडवी ठिवली हुती, सायेब.”

डॉक्टरांनी वाचलं. दोनदा वाचलं. “कोण ही बाई, हे छापणारी? असल्यांवर केस झाली पाहिजे.”

मी भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता होता. मी तो तक्ता वाचत राहिले. मुकादम माझ्या शेजारी उभा होता. त्याला माझं नाव माहीत होतं, कागदावरचं नाव त्यानं आधीही वाचलेलं होतं. नुसतं बोट दाखवायचं होतं. ज्याला मी पत्रकातून तळातळावर नागवं केलं, त्याला तेवढी संधी पुरे होती. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, तंबाखूची पुडी काढली आणि बाहेर निघून गेला. त्यानं मला झाकलं, याचा मला आजही राग येतो. आणि मी गप्प बसले, याचा त्याहून जास्त.

सिस्टर आल्या तेव्हा मी जिन्याखाली रडत होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला. “रड नंतर. कुठं कुठं वाटलीत ते लिहून काढ.”

पुढचे कितीतरी दिवस आम्ही तळ पालथे घातले. वाटलं होतं, कागद परत मागायचे आणि फाडायचे. पण बायका देईनात. कुणी कणकेच्या खळीनं कोपीच्या दाराशी चिकटवलेला, कुणी पोराच्या पाटीमागं जपलेला. “न्हाई देनार,” एक म्हातारी म्हणाली. “ह्यो दावला की मुकादम दोन पावलं मागं सरतो. जन्मात पयल्यांदा सरला. अन् तुमी न्यायला आल्या?” कागद खोटा नव्हता, कोयता खाली ठेवायचा हक्क खराच होता. एकच शब्द जीवघेणा होता. शेवटी सिस्टरनी पेन काढलं. प्रत्येक कागदावर ‘आडवं व्हा’ खोडायचं आणि वर लिहायचं, ‘टेकून बसा, पाय खाली सोडा, दवाखान्यात जा.’ मग बाईकडून तीनदा म्हणवून घ्यायचं. म्हातारी म्हणाली, “आता बसायचं म्हन्ता. उद्या यून म्हनाल उबं ऱ्हावा!”

सगळे कागद सापडले नाहीत. काही टोळ्या राज्याच्या हद्दीपलीकडं गेल्या होत्या. निरोप धाडले, फोन केले. कुणी उचलले, कुणी नाही. त्यांतला एखादा कागद अजून कुठल्या तरी कोपीत चिकटलेला असेल. एसटी स्टँडवर माझे पाय थांबतात ते यामुळं.

सविताचा नंबर माघात लागला. फुगा फुगवला, दार मोकळं झालं. टेबलावर गुंगीच्या औषधात ती आडवी होती तेवढीच. दुसऱ्या दिवशी मांडीची पट्टी निघाली, आणि ती पलंगावर उठून बसली ती बसलीच. मी दुपारी गेले तेव्हा पाठीमागं चार उशा, शेजारी स्टुलावर पारुबाई.

“डॉक्टर म्हंत्यात, आता आडवी झाली तरी चालंल,” सविता म्हणाली.

“मग हो ना.”

“तुमी सांगा.”

मी पलंगाच्या कडेला टेकले. “सविता, तो कागद मी लिहिला होता.”

“ठावं हाय की. खाली नाव हुतं तुमचं.” ती हसली नाही, रागावलीही नाही. “मी म्हनत हुते, दाटतंय, बसू द्या. जाऊबाईनं त्या नावावं बोट ठिवलं. मग मलाबी वाटलं, ताईला कळत आसंल. म्हून पडून ऱ्हायले.”

पारुबाई खाली बघत पदराचं टोक पिळत होती.

“आता सांगा,” सविता म्हणाली. “पर ह्या खेपंला इचारून सांगा.”

मी उठले. ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारलं. बाहेर येऊन सिस्टरना फोन केला, त्यांनाही विचारलं. परत आत गेले आणि म्हटलं, “दोघांना विचारलं. हो म्हणाले.”

आम्ही एक उशी काढली. ती थांबली, श्वास घेतला, मान हलवली. दुसरी काढली. तिसरीला तिनं माझं मनगट धरलं. चौथी तिनं स्वतःच ओढून माझ्या मांडीवर दिली आणि सपाट आडवी झाली. वर छताकडं बघत राहिली. मग डोळे मिटले.

मी तिच्या छातीकडं बघत बसले. वर, खाली. वर, खाली. घरघर नाही. चहावाला येऊन गेला, भेटायला आलेली माणसं उठून गेली. पारुबाई हळूच म्हणाली, “निजली ती, ताई. ठिवा की आता उशी खाली.”

मी ठेवली नाही.